फळा कधी पुसायचा: मजकूर चिकटवायची सेवा चालवणाऱ्यांसाठी

आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये अजून काळा फळा आहे. उजव्या कोपऱ्यात चौकट आखून कुणीतरी एक आयपी पत्ता (नेटवर्कवरच्या यंत्राचा क्रमांक) लिहिलाय आणि खाली ‘पुसू नये’. तो पत्ता आता कुठल्याच यंत्राचा नाही. ते मशीन भंगारात जाऊनही दोन वर्षं झाली. पण साफसफाईच्या मावशी रोज सकाळी चौकटीच्या भोवतीनं फडकं फिरवतात, चौकटीला हात लावत नाहीत. का पुसायचं नाही हे कुणालाच माहीत नाही, म्हणून ते राहिलंय.

मी जी सेवा सांभाळते तिलाही मुलं ‘फळा’च म्हणतात. मजकूर चिकटवायचा, बटण दाबायचं, लिंक मिळते, ती मित्राला पाठवायची. एरर लॉग, प्रोग्रॅम, प्रॅक्टिकलचं आउटपुट, कधी मेसचा मेनू. भाड्याचं दोन जीबी मेमरीचं मशीन, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइल, आणि खर्चाला मी आणि पाच-सहा जुने विद्यार्थी. आठ वर्षं झाली. आता दुसऱ्या कॉलेजातले, लिनक्सवाले, ग्रंथालयवाले विचारतात, ‘मॅडम, आम्हालाही असं काढायचंय, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?’ सॉफ्टवेअर एका संध्याकाळचं काम आहे, कुठलंही घ्या. पुसणार कोण आणि कधी, हे कुणी विचारत नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी आयुष्य ठरवा

गैरवापराचे नियम लिहायला बसण्याआधी मजकुराचं आयुष्य ठरवा. मी उलट्या क्रमानं केलं आणि पहिली तीन वर्षं त्यात गेली. आमच्याकडे सुरुवातीला सगळं ‘कायम’ होतं, कारण डिस्कला जागा होती. जागा आहे म्हणून ठेवणं म्हणजे माळ्यावर जुने डबे साठवणं. कधी तरी झाकण उघडतं आणि आत काय निघेल ते सांगता येत नाही.

पेस्टबिन ही अशीच मजकूर चिकटवायची सेवा २००२ साली पॉल डिक्सन यांनी काढली ती प्रोग्रॅमरांनी एकमेकांना कोड दाखवावा म्हणून. ऑक्टोबर २००९ मध्ये हॉटमेलच्या दहा हजारांवर खात्यांचे पासवर्ड तिथेच चिकटवलेले सापडले. खातं काढावं लागत नाही, नाव सांगावं लागत नाही आणि टाकलेलं टिकून राहतं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की चोरीचा माल ठेवायला याहून सोयीची जागा नाही. पहिल्या दोन गोष्टी काढल्या तर मुलं वापरणार नाहीत. तिसरी आपल्या हातात आहे. सात दिवसांत आपोआप जाणाऱ्या पानावर जाहिरात टाकण्यात, कुणाची बदनामी करण्यात किंवा व्हायरसचा तुकडा ठेवण्यात फारसा फायदा उरत नाही.

आता आमच्याकडे चारच पर्याय आहेत: एक तास, एक दिवस, सात दिवस, नव्वद दिवस. काही निवडलं नाही तर सात दिवस. नव्वद दिवस सेमिस्टरसाठी, आणि ते कॉलेजच्या खात्यानं आत आल्याशिवाय दिसतच नाहीत. ‘कायम’ हा पर्याय काढून टाकला. त्याच्या जागी ‘पुसू नये’ आहे, पण फळ्यावरच्यासारखं नाही: नाव, कारण आणि तारीख लिहावी लागते, आणि दर जूनला ती यादी परत तपासली जाते.

‘कुणी वाचलं की आयुष्य आपोआप वाढेल’ ही कल्पना फार गोड वाटते. एक वर्ष मी ती चालवली. कुणी वाचतंय म्हणजे उपयोगी असणार, असा माझा हिशोब. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वाचतात ते बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्रॅम. कचरा अमर झाला आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलाचा चाललेला प्रोग्रॅम मात्र वेळेवर पुसला गेला. झीरो-एक्स-झीरो डॉट एसटी या फाइल ठेवायच्या सेवेची पद्धत मला जास्त पटते. तिथं आकारावर आयुष्य ठरतं: लहान फाइल जवळजवळ वर्षभर राहते, आणि मर्यादेला, म्हणजे ५१२ मेगाबाइटला टेकणारी ३० दिवसांत जाते. मधला उतार घनाच्या सूत्रानं काढलाय, त्यामुळे मोठ्या फायली लवकर गळतात. आमच्याकडे नुसता मजकूर, म्हणून मी सरळ २५६ केबीची मर्यादा घातली. त्यात काही हजार ओळींचा लॉग आरामात बसतो. त्याहून मोठं चिकटवणाऱ्याला बहुतेक वेळा शेवटच्या पन्नास ओळीच दाखवायच्या असतात.

लिंकचा सांकेतिक भाग किती अक्षरी ठेवायचा, हाही आयुष्याचाच प्रश्न आहे. आमचा आधी चार अक्षरी होता, कारण फळ्यावर खडूनं लिहायला सोपा. लहानमोठी इंग्रजी अक्षरं आणि आकडे धरून चार जागांच्या जोड्या होतात १,४७,७६,३३६. साधी स्क्रिप्ट काही दिवसांत सगळ्या वाजवून बघते, आणि आमच्याकडे तशी वाजवलीही. मुलांना मात्र वाटत असतं की लिंक फक्त मित्राला दिली म्हणजे ती खाजगी. आठ अक्षरं केली की हाच आकडा दोन कोटी कोटींच्या पुढे जातो. आठ ठेवा, आणि फळ्यावर लिहायला त्रास होईल तो सोसा.

आणि एकदा वापरलेला संकेत परत कधीही वापरू नका. चार अक्षरी असताना जुने पुसले की ते नव्या मजकुराला मिळायचे. एका वर्षी सातव्या प्रयोगाचा कोड फळ्यावर होता आणि त्याची लिंक छापील जर्नलमध्ये गेली. पुढच्या वर्षी तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी कौतुकानं ती लिंक उघडली. आयपीएलवर सट्टा लावायची जाहिरात निघाली. परीक्षक हसले, मी हसले नाही. आता पुसलेल्या पानावर ‘४१०’ हे उत्तर जातं, म्हणजे ‘इथं होतं, आता नाही, परत येऊ नका’. ‘४०४’ म्हणजे नुसतं ‘सापडलं नाही’. शोधयंत्रांनाही ४१० नं स्पष्ट कळतं.

दारातच काय अडवायचं

एका सोमवारी ऑफिसातून फोन. ‘मॅडम, कुणी आजोबा आहेत, बँकेचं काहीतरी विचारतायत, तुमच्या डिपार्टमेंटचं नाव घेतायत.’ लाइन घेतली. गृहस्थांना बँकेचा कस्टमर केअर नंबर हवा होता म्हणून त्यांनी गूगलवर शोधलं, आणि पहिल्या पानावर आमचा फळा. त्यावर बँकेचं नाव तीस-चाळीस वेळा, मध्येच एक मोबाइल नंबर, आणि पुन्हा बँकेचं नाव. खाली आमच्या विभागाचं नाव, त्यामुळे पान भारदस्त दिसत होतं. पलीकडच्या माणसानं स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं तेव्हा नातवानं फोन हातातून काढून घेतला. पैसे वाचले होते. आजोबा मला शांतपणे विचारत होते, ‘मग तुम्ही बँकेच्या की कॉलेजच्या?’

त्या रात्री बघितलं तर अशी शेकडो पानं, वेगवेगळ्या बँकांची, कुरिअरची, वॉलेटची. मजकुरात शिवी नाही, धमकी नाही, व्हायरस नाही. कुठलाच फिल्टर त्याला पकडत नव्हता. ही पानं माणसांसाठी लिहिलेलीच नव्हती, ती गूगलसाठी होती. म्हणून उपायही तिथंच. प्रत्येक पानाच्या उत्तरात ‘यादीत घेऊ नका’ असा हेडर, म्हणजे पानासोबत जाणारी सूचना, पाठवा, नुसता मजकूर दाखवणाऱ्या पानावरसुद्धा. इथं एक खड्डा आहे आणि बरेच जण त्यात पडतात: रोबोट्स फाइलमध्ये (कुठं यायचं नाही हे शोधयंत्रांना सांगणारी फाइल) शोधयंत्राला बंदी घातलीत तर ते आत येतच नाही, मग आत लावलेली ‘यादीत घेऊ नका’ ही पाटी त्याला दिसणार कशी? बाहेरून कुणी लिंक दिली असेल तर नुसता पत्ता यादीत राहतो तो राहतोच. दार उघडं ठेवा, पाटी आत लावा. लिंका दाबता येणार नाहीत अशा साध्या अक्षरांत दाखवा. मुखपृष्ठावरची ‘नुकतंच चिकटवलेलं’ ही यादी काढून टाका; ती मुलं बघत नाहीत, भामट्यांच्या स्क्रिप्ट बघतात. आणि कॉलेजचं किंवा संस्थेचं नाव पानावरून काढा. शक्य असेल तर लोकांनी टाकलेला मजकूर वेगळ्याच डोमेनवर ठेवा. नाहीतर एखाद्यानं बनावट लॉगिन पान टाकलं की ब्राउझरचा लाल इशारा संस्थेच्या अख्ख्या संकेतस्थळावर यायला वेळ लागत नाही. कच्चा मजकूर नेहमी साधा मजकूर म्हणूनच पाठवायचा आणि ब्राउझरला ‘अंदाज लावू नकोस’ सांगणारा हेडर जोडायचा, म्हणजे तो वेबपान म्हणून उघडणार नाही.

हे सगळं केल्यावर कचरा लगेच थांबला का? नाही. बॉटना पाट्या वाचता येत नाहीत, ते काही आठवडे टाकतच राहिले. मग हळूहळू ओसरले.

वेगमर्यादा सगळेच घालतात, मीही घातली: एका आयपी पत्त्यावरून मिनिटाला दहा. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी साठ मुलांनी एकदम आउटपुट चिकटवलं. अख्खं कॉलेज बाहेरून एकाच पत्त्यावर दिसतं. दहा जणांचं गेलं, पन्नास जण माझ्याकडे बघत बसले. मोबाइल कंपन्याही हजारो ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवतात, तेव्हा पत्त्यावर बंदी घालणं म्हणजे एकानं खोडी काढली म्हणून अख्ख्या एसटीला खाली उतरवणं. आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, म्हणजे आवृत्ती सहामध्ये, उलटी अडचण: एकाच घराला इतके पत्ते मिळतात की तो दर वेळी नवा दिसतो, म्हणून तिथं पहिल्या ६४ बिटांना एक घर धरा. मर्यादा ओलांडली की हाकलू नका, थोडं थांबवा किंवा कॉलेजच्या खात्यानं आत यायला सांगा. बॉट तिथं अडतो, मुलगा दोन सेकंद कुरकुर करतो.

व्हायरसवाल्यांचं लक्षण वेगळं. एकही मोकळी जागा नसलेली अक्षरांची भिंत, आणि विंडोजचा प्रोग्रॅम बेस सिक्स्टीफोरमध्ये, म्हणजे साध्या अक्षर-आकड्यांत, गुंडाळला असेल तर ती बहुतेक वेळा टी, व्ही, क्यू, क्यू या चार अक्षरांनी सुरू होते. अशा पानाचं आयुष्य आम्ही एक तासावर आणतो आणि मला निरोप येतो. सरळ नाकारत नाही, कारण डिजिटल सर्टिफिकेटही तसंच दिसतं आणि ते शिकवणारी मीच आहे.

मुलांच्या स्वतःच्या बावळटपणापासून मुलांना वाचवणं हेही दारातलंच काम. पासवर्डसकट सेटिंगची फाइल, क्लाउडची चावी, ‘बिगिन प्रायव्हेट की’ने सुरू होणारा मजकूर, स्कॉलरशिपच्या फॉर्ममधला आधार क्रमांक. आधारचे बारा आकडे ओळखणं सोपं आहे: पहिला आकडा शून्य किंवा एक नसतो आणि शेवटचा व्हेरहॉफ पद्धतीनं काढलेला तपास-अंक असतो. तो जुळला तरच इशारा द्यायचा, नाहीतर प्रत्येक बारा आकडी संख्येला घंटा वाजते. इशारा चिकटवण्याआधी, चिकटवणाऱ्यालाच: ‘यात आधार क्रमांक दिसतोय, खरंच टाकायचंय?’ बहुतेक जण मागे फिरतात.

शब्दांच्या यादीवर मात्र माझा विश्वास उरलेला नाही. मराठी शिव्या रोमन लिपीत लिहायला प्रत्येक गावाचं वेगळं स्पेलिंग आहे. देवनागरीत न दिसणारं एखादं जोडचिन्ह मध्ये घुसवलं की शब्द तोच दिसतो आणि यादीला चुकवून जातो. अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो, तो त्रास आणखी वेगळा. आणि जे पकडलं जातं ते कसं? एकदा ‘धमकी’ म्हणून माझ्यापुढे आलेली ओळ अशी: ‘आधी पोराला मार, मग बापाला मार, नाहीतर भूत राहील.’ बिचारा ऑपरेटिंग सिस्टिमची असाइनमेंट समजावत होता. प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम: चाइल्ड प्रोसेस, पेरेंट प्रोसेस, झोंबी प्रोसेस. शब्दयादी ठेवायचीच असेल तर तिनं फक्त माणसाला हाक मारावी, स्वतः काही पुसू नये.

तक्रार आली की

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. लॅब बंद करायची वेळ, पाच वाजून गेलेले. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी दारात उभी, आत येईना. ‘मॅडम, फळ्यावर आमची नावं आहेत.’ हॉस्टेलच्या अकरा मुलींची यादी, पुढे मोबाइल नंबर, पुढे प्रत्येकीबद्दल एकेक ओळ. ती ओळ मी इथं लिहीत नाही. मी तिच्यासमोर पान पुसलं, स्क्रीन तिच्याकडे वळवून दाखवलं. ती गेली आणि दहा मिनिटांत परत आली. ‘मैत्रिणीच्या फोनवर अजून दिसतंय.’

चूक माझी. सर्व्हरच्या पुढे वेगासाठी एक साठवण लावली होती आणि तिला पान दिवसभर जपून ठेवायला मीच सांगितलं होतं. डेटाबेसमधून ओळ गेली, पण पुढच्या दारात प्रत तशीच. तेव्हापासून आमच्या पानांची प्रत कुठेही एका मिनिटापेक्षा जास्त राहत नाही, आणि पुसायचं बटण दाबलं की पुढची साठवणही रिकामी होते. हे बटण तुम्ही स्वतः दाबून, दुसऱ्याच्या फोनवरून, घरच्या नेटवरून तपासा. तक्रार येण्याआधी तपासा.

त्या संध्याकाळनंतर क्रम ठरला. आधी झाका, मग वाचा. कुणा माणसाचं नाव, नंबर, फोटोची लिंक असलेली तक्रार आली की खरंखोटं न करता पान लगेच झाकलं जातं. तक्रार खोटी निघाली तर चोवीस तासांत उघडतं. कोडवाल्याचा एक दिवस गेला तर फार बिघडत नाही. उलट मजकूर कुणाच्या राजकीय मताबद्दल, प्राचार्यांवरच्या टीकेबद्दल असेल तर झाकायची घाई करत नाही, दुसऱ्या माणसाला विचारते. प्राचार्यांवरचं एक विडंबन अजून माझ्याकडे तक्रारीसकट पडून आहे, आणि ते झाकलं गेलेलं नाही.

तक्रारीचा मार्ग प्रत्येक पानाच्या तळाशी ठेवा आणि त्याला खातं मागू नका. ज्या मुलीचं नाव यादीत आहे तिला तुमच्याकडे खातं काढायला लावणं हा अपमान आहे. भारतात सेवा चालवत असाल तर २०२१ च्या मध्यस्थ नियमांप्रमाणे (मध्यस्थ म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर ठेवणारी सेवा) तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो आणि चोवीस तासांत पोच द्यावी लागते. मूळ नियमांत न्यायालयाच्या आदेशावर मजकूर काढायला ३६ तास होते. ऑक्टोबर २०२२ च्या सुधारणेनं काही प्रकारच्या तक्रारींना ७२ तासांची मुदत आणली, पुढेही बदल होतच राहिले, आणि मुदती आखडतच जातात. लॅबच्या भिंतीवर आकडा लिहिलात तर शेजारी तारीखही लिहा, आणि सहा महिन्यांनी राजपत्र उघडा. आपली मुदत त्याहून कमी ठेवली की हा ताण येत नाही. माझी एक तासाची आहे, रात्री झोपेचे तास सोडून. ते डब्लिनला असलेला एक जुना विद्यार्थी बघतो.

आता नेहमी चुकणारी गोष्ट. झाकलेलं लगेच कायमचं पुसायचं नसतं. त्याच नियमांत लिहिलंय की तक्रारीवरून किंवा स्वतःहून काढलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायच्या. मुदत संपून आपोआप गेलेल्याला हे लागू नाही, काढून टाकलेल्याला आहे. म्हणून आमच्याकडे दोन रस्ते आहेत. मुदत संपली की खरोखर पुसलं जातं. तक्रारीवरून काढलं की मजकूर एका वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये जातो; तिची चावी दोघांकडे, उघडली की नोंद, १८१ व्या दिवशी ती ओळ नष्ट. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे अजून आहे तुमच्याकडे.’ हो, आहे, आणि कुणाकडे आहे तेही तिला सांगितलं. लपवण्यापेक्षा ते बरं.

हीच यादी सात महिन्यांनी परत उगवली. डिस्क गेली, मी बॅकअप चढवला, सेवा दोन तासांत सुरू झाली म्हणून स्वतःवर खूश होते. जुन्या बॅकअपमध्ये यादीचं पान होतं, आणि ते निमूट परत जिवंत झालं. कुणाच्याच लक्षात आलं नाही; तिनं पाहिलं, कारण ती मधूनमधून ती लिंक उघडून बघत असे. या वेळी ती दारात आली नाही, मेल केला, एका ओळीचा. उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले.

त्यातून शिकलेलं सांगते, लिहून घ्या. पुसलेल्या संकेतांची यादी वेगळी ठेवा, बॅकअपच्या बाहेर, दुसऱ्या मशीनवर. मजकूर नको, नुसते संकेत आणि तारीख. बॅकअप चढवला की सेवा उघडण्याआधी ही यादी त्यावर फिरवा. बॅकअप चौदा दिवसांपेक्षा जुना ठेवू नका. माझा त्या वेळचा जवळजवळ वर्षभर जुना होता, ‘असू दे’ म्हणून. एसक्यूलाइटमध्ये ओळ काढली तरी तिचे बाइट रिकाम्या पानांत पडून राहतात. ‘सुरक्षित पुसणे’ ही सेटिंग चालू करा आणि आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम ही फाइल नव्यानं रचणारी आज्ञा चालवा. आणि वर्षातून एकदा खोटाखोटा बॅकअप चढवून बघा, पुसलेल्या चार लिंका उघडा. आमच्याकडे हे गणपतीच्या सुट्टीत होतं.

काही जण म्हणतात, प्रायव्हेटबिनसारखं वापरा, मजकूर ब्राउझरमध्येच कुलूपबंद होतो, चावी लिंकमध्ये राहते, सर्व्हरला काही दिसतच नाही, म्हणजे आपली जबाबदारीच नाही. सॉफ्टवेअर उत्तम आहे, कल्पनाही. पण दिसत नाही म्हणून कटकट संपत नाही. तक्रारदार पूर्ण लिंक पाठवतो, त्यात चावीही असते, तुम्हाला सगळं दिसतं आणि काढावंच लागतं. फक्त दारातले इशारे, आधारचा तपास, अक्षरांची भिंत, हे सगळं सर्व्हरवर करता येत नाही. शाळा-कॉलेजच्या सेवेला मी ते सुचवणार नाही.

पोलिसांचं पत्र आलं तर घाबरू नका, पण फोनवरून काही देऊ नका. पत्रात अधिकाऱ्याचं नाव, ठाणं, गुन्हा नोंद आणि कलम असावं. १ जुलै २०२४ पासून कागदपत्र मागण्याचं कलम म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ९४. पत्र खरं आहे का हे ठाण्याच्या जाहीर क्रमांकावर स्वतः विचारा. मागितलं तेवढंच द्या, दिलेल्याची प्रत ठेवा. २०२१ च्या नियमांप्रमाणे लेखी आदेशानंतर ७२ तास मिळतात. मला एकदाच आलं आणि त्यात आमच्या फळ्याचा पत्ता चुकीचा होता, दुसऱ्याच सेवेचा. तसं लेखी कळवलं, संपलं.

आणि एक प्रकार असा की तिथं वरचा कुठलाही विचार चालत नाही: लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर किंवा तशा लिंका. खात्री करायला लिंक उघडायची नाही. सहकाऱ्याला ‘बघ रे’ म्हणून पाठवायची नाही. पान बंद करायचं, संकेत आणि वेळ लिहून घ्यायची, आणि पोलिसांना किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवायचं. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवण्याचं कर्तव्य पाळलं नाही तर मध्यस्थाला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण मागता येत नाही.

नोंदी

मजकुराचं आयुष्य सात दिवस, पण कुणी कुठून टाकला याची नोंद किती? सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय. मग आम्ही नोंद दोन जागी ठेवतो. मुख्य डेटाबेसमध्ये पत्ता नाही, त्याचा चावी लावून केलेला ठसा (गणितानं काढलेली खूण) आहे आणि चावी रोज बदलते. आज एकाच ठिकाणाहून किती आलं हे मोजायला तेवढं पुरतं. चावी न लावता नुसता ठसा घेऊ नका, जुन्या आवृत्ती चारचे सगळे आयपी पत्ते मिळून ४३० कोटीही नाहीत, साधा लॅपटॉप ते सगळे करून बघतो. खरा पत्ता वेगळ्या कुलूपबंद लॉगमध्ये, १८० दिवस, मग नष्ट. आणि मी काय काढलं, कुणाच्या सांगण्यावरून, कुठल्या कारणानं, याची एक वही. खरोखरची वही, दोनशे पानी. एका ओळीत एक. मजकूर त्यात उतरवायचा नाही.

जूनमध्ये ‘पुसू नये’ची यादी काढते. प्रत्येक मालकाला मेल जातो: अजून हवंय का? उत्तर नाही आलं तर दुसरा मेल, मग तिसरा, मग महिनाअखेर पुसते. तीन मेल यासाठी की एका वर्षी मी एकच पाठवला होता आणि एका मुलाचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट फक्त तिथेच होता. या वर्षी बऱ्याच जणांनी ‘पुसा मॅडम, कधीचं आहे ते’ असं लिहिलं. एकानं लिहिलं, ‘काय आहे ते आठवत नाही, पण राहू द्या.’ कारण म्हणून हे चालत नाही असं त्याला कळवलंय, ३० तारखेपर्यंत वेळ आहे.